तेरा ग्रॅम खाऊ

सोमवार, ९ मार्च, सकाळी दहा वाजून पस्तीस मिनिटांनी ताईचे पाचशे एकाहत्तरावे पाकीट आमच्या दाराच्या फटीतून आत पडले. अंक एक, खाऊ एक. शब्दकोड्यातील उभे शब्द अठरा, त्यांपैकी भरलेले सात.

"खाऊ आला हो!" टपालवाल्या बाई बाहेरूनच ओरडल्या आणि जिना उतरू लागल्या. गेली नऊ वर्षे त्या आमच्या दारावरून जातात. इतरांकडे त्या टपाल टाकतात. आमच्याकडे मात्र खाऊ आणतात.

या पाकिटांची पद्धत आधी सांगितली पाहिजे; त्याशिवाय माझ्या हातून काय झाले ते समजणार नाही.

आमच्या लहानपणी वडील एक मासिक घेत. अंक एक आणि भावंडे दोन. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. अंकावरून आमची इतकी हातघाई होई की मुखपृष्ठ कधीही महिनाभर टिकले नाही. शेवटी वडिलांनी निवाडा दिला. खाऊ असेल तर एकाने कापायचा आणि दुसऱ्याने आधी उचलायचा. कोडे असेल तर आडवे शब्द धाकट्याचे, उभे थोरलीचे. या निवाड्यावर पुढे कधीही अपील झाले नाही.

ताईचे लग्न झाले तेव्हा मी तंत्रनिकेतनातून नुकताच बाहेर पडलो होतो. अखेरच्या वर्षी मी टपाल जोखण्याचे दोन लहान पितळी तराजू केले होते. दोन्ही एकाच मापाचे. त्यांतला एक तिला आहेर म्हणून दिला. सासरी निघताना ताई रडली नाही. "अंक आधी तू वाच," एवढेच म्हणाली, "पण वाचून झाला की पाठव." मी पाठवला. पाठवण्यापूर्वी जोखला, तेव्हा अंक ब्याऐंशी ग्रॅम आणि वेष्टन पाच ग्रॅम भरले. शंभर ग्रॅमपर्यंत टपालाचा एकच दर होता. तेरा ग्रॅम जागा रिकामी जात होती, आणि रिकामी जागा वाया जाऊ देणे हे माझ्या शिक्षणात बसत नव्हते. मी तीत चॉकलेटचा एक तुकडा घातला. पंधरा दिवसांनी अंक परत आला, उभे शब्द भरून. आणि त्यात तेरा ग्रॅम सुके अंजीर होते.

त्याला सत्तेचाळीस वर्षे झाली. अंक माझ्याकडून तिच्याकडे जातो, तिच्याकडून माझ्याकडे येतो. नियम तीनच. पाकीट शंभर ग्रॅमच्या वर जाता कामा नये. पुढील अंकात छापलेले कोड्याचे उत्तर पाहायचे नाही. माझे आडवे आणि तिचे उभे एकमेकांत बसले, की तेच उत्तर. आणि तिसरा नियम, जो मीच हट्टाने घालून घेतला होता: दुसऱ्याच्या शब्दाला हात लावायचा नाही.

तेरा ग्रॅममध्ये माणूस काय काय बसवू शकतो, हे अनुभवाशिवाय कळत नाही. पेपरमिंटच्या गोळ्या, फुलझाडांचे बी, संत्र्याची साखरेत घोळलेली साल, माझ्या कोटाच्या तुटलेल्या बटणाऐवजी शोभेल असे दुसरे बटण. मी निवृत्त झालो त्या महिन्यात ताईने बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून केलेले पदक आले. वजन बरोबर तेरा ग्रॅम, कडा मात्र बोट कापणाऱ्या. भाऊजी गेले त्या महिन्यात तिला काय पाठवावे ते मला सुचेना. शेवटी तीन कोरे कागद पाठवले. ते दोन्ही बाजूंनी भरून परत आले. ते मी कुणालाही वाचून दाखवलेले नाहीत, आमच्या मंडळीला, म्हणजे बायकोलाही नाही.

पाकीट आले की आमच्या घरी ते लगेच फोडत नाहीत. आधी ते टेबलावर ठेवतात, चहा होतो, मग आमची मंडळी ते बोटांनी चाचपते आणि आत काय असेल ते सांगते. बरोबर आले तर ती आधी उचलते. चुकले तर मी. त्या सोमवारी तिने पाकिटाचा कोपरा दाबला, कानाशी धरून हलवले आणि निर्णय दिला.

"चॉकलेट. पण भोवती काहीतरी जाड आहे. पुठ्ठा."

चॉकलेटच होते. पुठ्ठा म्हणजे एक छापील कार्ड होते; चॉकलेट त्यात नीट गुंडाळले होते. ते एका नेत्ररुग्णालयाचे कार्ड होते.

मी खाऊ तराजूत ठेवला. "सोळा ग्रॅम," मी म्हणालो.

"सोळा कसे असतील? मग पाकीट एकशे तीन झालं. टपालवाल्या बाईंनी जादा पैसे मागितले असते की."

"त्यांचे लक्ष नसेल."

"नऊ वर्षांत पहिल्यांदाच?"

मी अंक पुढे ओढला. कोड्याचे पान उघडले होते आणि अठरा उभ्या शब्दांपैकी अकरा रिकामे होते.

जानेवारीत चार रिकामे होते, फेब्रुवारीत सात. मी चौकटीच्या कागदावर तीन टिंबे काढली आणि ती जोडली. रेषा सरळ वर जात होती. सोबत इतर पुरावाही होता. जानेवारीत खाऊ म्हणून तिचे शिवणाच्या डब्यातले भिंग आले होते. जी वस्तू आपल्याला रोज लागते ती कुणी पाठवून देते का? फेब्रुवारीत पेपरमिंटच्या दोन गोळ्या चष्मा पुसायच्या कापडात बांधलेल्या होत्या. आता हे कार्ड, आणि वर वजनाचा हिशेब चुकलेला. ताई, जिने सत्तेचाळीस वर्षांत मला साडेतेरा ग्रॅमसुद्धा कधी पाठवले नाहीत!

"तिची नजर गेली आहे," मी म्हणालो. "आणि कदाचित स्मरणशक्तीही. तोंडाने सांगता येत नाही म्हणून ती कार्ड पाठवते आहे."

"अहो, त्यांना एकदा फोन करून सरळ विचारा तरी."

"विचारले होते. गेल्या रविवारी. सगळे ठीक आहे ना, असे विचारले. तर म्हणाली, 'माझं ठीक आहे रे, तुझं कसं आहे?' विषय बदलला."

मंडळीने माझ्याकडे पाहिले. "हा दिवा जरा जास्तच प्रखर नाही का?" ती म्हणाली.

दिवा मी जानेवारीपासून दोनदा बदलला होता. हल्ली दिव्यांचा दर्जा घसरला आहे, हे मी तिला पूर्वीच सांगितले होते. मासिकाची छपाईही फिकट झाली होती; संपादकांना तसे पत्रही मी लिहिले होते.

"दिवे वाईट, छपाई वाईट," ती कप उचलत म्हणाली, "परवा जिन्याची शेवटची पायरीसुद्धा वाईट निघाली. एक तुम्ही तेवढे चांगले!"

मी कारखान्यात चौतीस वर्षे तपासणी विभागात होतो. यंत्रावर घडलेला प्रत्येक नग माझ्या टेबलावरून जाई. मापात बसला तर पुढे, नाही तर भंगारात. केसाच्या दहाव्या भागाइतका फरक मी नुसत्या डोळ्याने ओळखतो असे लोक म्हणत. त्यात अतिशयोक्ती होती, पण 'मायक्रॉन' हे टोपणनाव मला तिथेच चिकटले आणि घरापर्यंत आले. नव्या उमेदवारांना मी पहिल्या दिवशी एकच वाक्य शिकवी: आधी गेज तपासा, मग नग नाकारा. मोजायचे साधनच बिघडलेले असेल तर चांगला नग भंगारात जातो आणि त्याचे पाप तपासणाऱ्याच्या माथी बसते.

हे वाक्य त्या दिवशी मला आठवले नाही.

त्याच संध्याकाळी ताईच्या मुलाचा फोन आला. तो दूरच्या शहरात असतो. भाऊजी गेल्यापासून आईने एकटे राहू नये असा त्याचा आग्रह होता. त्याच्या घराजवळच्या वृद्धनिवासात त्याने एक खोली बघून ठेवली होती, महिनाअखेरपर्यंत राखूनही ठेवली होती.

"मामा, आई माझं काही ऐकत नाही. नुसती हसते. काल म्हणाली, 'मायक्रॉनला विचार. तो म्हणाला जा, तर मी जाईन.' तिने शब्द दिलाय. आता तू काय म्हणतोस?"

समोर टेबलावर तीन टिंबांची रेषा होती. मी म्हणालो, "हो. तिने आता एकटे राहू नये."

"नक्की?"

"माझ्याजवळ तीन महिन्यांची नोंद आहे."

"मग झालं तर. मी रविवारी, बावीस तारखेला गाडी घेऊन येतो." मग म्हणाला, "बरं झालं मामा. तू म्हणालास म्हणजे मला शंका उरली नाही."

फोन ठेवल्यावर मंडळीने खाऊची बशी पुढे घेतली. मग चॉकलेटचा मोठा तुकडा माझ्यासमोर सरकवत म्हणाली, "घ्या. मला नको."

पुढच्या रविवारी, १५ मार्चला, नेहमीप्रमाणे अकरा वाजता मी ताईला फोन लावला.

"तू हो म्हणालास म्हणे," ती म्हणाली.

"हो, ताई."

पलीकडे तिच्या शिवणयंत्राचे चाक थांबल्याचे ऐकू आले.

"बरं. दिलेला शब्द मी फिरवणार नाही. पण एक सांग, तुमच्या त्या कारखान्यात नग हातातही न घेता नाकारायचे का रे?"

मी शनिवारी, २१ मार्चला, सकाळच्या गाडीने निघालो. सोबत माझी पिशवी होती, पिशवीत पुरावा म्हणून मार्चचा अंक होता, आणि एका नळीत गुंडाळलेला तक्ता होता. तो मी दोन दिवस खपून स्वतः काढला होता: पांढऱ्या जाड कागदावर अक्षरांच्या आठ ओळी, वरची ओळ मोठी, खाली उत्तरोत्तर लहान, प्रत्येक अक्षराची उंची मोजून. तीन मीटरवरून कितवी ओळ वाचता येते त्यावरून नजर किती अधू झाली ते आकड्यात सांगता येते. भाच्याला नुसता शब्द देऊन चालणार नव्हते; आकडा द्यायला हवा होता. ताईच्या गावात उतरल्यावर मी चुकीच्या बसमध्ये बसलो आणि चाळीस मिनिटे उशिरा पोहोचलो. बसची पाटी नीट रंगवलेली नव्हती.

ताईचे घर एका दुकानावरच्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, रस्त्याकडे एक मोठी खिडकी, खिडकीशी शिवणयंत्र. शेजारपाजारचे कपडे ती अजून सारखे करून देते. दार उघडताच दिसल्या त्या भिंतीशी उभ्या असलेल्या चार खोक्यांच्या घड्या, अजून न उघडलेल्या. शहात्तर वर्षांची माझी बहीण कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभी होती.

"ये. हातपाय धू. जेवायचं तयार आहे. आणि त्या नळीत काय आहे? तोफ?"

"जेवणानंतर सांगतो."

"आधी सांग. नाहीतर घास उतरायचा नाही तुला. मी काय ओळखत नाही?"

मी तक्ता भिंतीला लावला, टेपने तीन मीटर अंतर मोजले, जमिनीवर खडूने रेघ मारली आणि तिला खुर्चीत बसवले. तिने मुकाट्याने सगळे करू दिले. मी वही उघडली.

"पहिल्या ओळीपासून वाच."

तिने वाचली. दुसरी वाचली. तिसरी, चौथी. एकेका अक्षराला ती भाजी निवडावी तशी उचलून बाजूला ठेवत होती. सातवी झाली. आठवीही तिने संपवली, आणि म्हणाली, "शेवटच्या ओळीतलं तिसरं अक्षर तू वाकडं काढलंयस."

मी उठून तक्त्याशी गेलो. नाक टेकेल इतका जवळ गेलो. अक्षर मला सरळ दिसत होते.

"दुसऱ्या डोळ्याने बघ," ती मागून म्हणाली.

"माझी तपासणी चाललेली नाही, ताई."

"मग चालू करू. ये, बस इथे." तिने मला दंडाला धरून खुर्चीत बसवले, लहानपणी कान धरून बसवायची तसेच. "वाच."

मी आठही ओळी धडाधड म्हणून दाखवल्या.

"छान. पाठ आहेत तुला, तूच काढल्यास त्या." तिने तक्ता उतरवला, माझ्या पिशवीतला मार्चचा अंक काढला, कोड्याच्या सूचनांचे पान उघडून माझ्या हातात दिले. "आता हे. इथे बसून, आपल्या रोजच्या चष्म्यानं. सहा आडवा वाच."

मी पान दूर धरले, जवळ आणले, उजेडाकडे वळवले. "सहा आडवा. गोंधळ, चार अक्षरी."

ताई उठली. तिने यंत्राच्या खणातून एक जाड वही काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

वहीत चौकटीच्या कागदांवर कोडी उतरवलेली होती. जानेवारीचे, फेब्रुवारीचे, मार्चचे. सगळी पूर्ण होती. अठराच्या अठरा उभे शब्द तिच्या बारीक अक्षरात भरलेले होते आणि आडव्यांपैकी काहींभोवती लाल पेन्सिलीने हलकेच वर्तुळ होते. मार्चच्या पानावर अशी आठ वर्तुळे होती.

"ते तीन आडवा आहे, राजा," ती म्हणाली. "सहा आडवा म्हणजे जमिनीखालची खोली. तू तीनाला सहा वाचलंस आणि सहाला तीन. दोन्ही चार अक्षरी, त्यामुळे बसले. तळघर नेलंस वरच्या मजल्यावर, आणि गडबड घातलीस खाली! त्यांच्यावर माझे उभे कसे उभे राहणार?"

"मग तू खोडून नीट का नाही लिहिलेस?"

"दुसऱ्याच्या शब्दाला हात लावायचा नाही. नियम कुणाचा?"

मी वहीकडे पाहत राहिलो. लाल वर्तुळे मला दुहेरी दिसत होती. एक गडद, एक तिची सावली. ती सावली मी तराजूच्या काट्यालाही तीन महिने पाहत होतो आणि दिव्याला बोल लावत होतो.

"चुकीचे शब्द मुद्दाम भरायला मला जमेना," ती म्हणाली, "आणि बरोबर भरले असते तर तुझं चुकलेलं तुझ्याच डोळ्यांसमोर आलं असतं. म्हणून रिकामे सोडले. वाटलं, भिंग पाठवावं, समजेल. नाही समजलं. मग कापड पाठवलं. तरी नाही. शेवटी म्हटलं, आता डॉक्टरांचं कार्डच पाठवते, इतका काही ढ नाही तो."

"मला वाटले, तू स्वतःसाठी मदत मागते आहेस."

ताईने कपाळावर हात मारला आणि हसू लागली. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले, आणि मग ते पुसणे नुसते हसण्याचे राहिले नाही.

"फोनवर का नाही सांगितलेस?" मी विचारले.

"काय सांगू? चौतीस वर्षं ज्याच्या नजरेवर कारखाना चालला, त्याला सांगू की तुला दिसत नाही?" ती खाली बघून बोलत होती. "आणि खरं सांगू का? मला भीती वाटली. तू म्हणाला असतास की आता मला वाचवत नाही, अंक बंद करू. महिन्यातून एकदा त्या दाराच्या फटीतून काहीतरी पडतं रे. ते पडल्याचा आवाज येतो ना, तेव्हा मी यंत्र थांबवते. लगेच उचलत नाही. थोडा वेळ तसंच पडू देते. घरात कुणीतरी आल्यासारखं वाटतं."

मला आमच्या टेबलावर चहा होईपर्यंत ठेवलेले पाकीट आठवले. इतक्या वर्षांत हे आम्ही एकमेकांना कधी सांगितले नव्हते.

"त्या खोलीच्या दाराला फट नाही," ती म्हणाली. "मी विचारलं होतं. टपाल खाली कचेरीत ठेवतात म्हणे."

खोक्यांच्या चार घड्या भिंतीशी उभ्या होत्या. उद्या दुपारी भाचा येणार होता. मी फोन उचलला. आकडे दाबताना तिसऱ्यांदा चुकलो, तेव्हा ताईने माझ्या हातून फोन घेतला, नंबर लावला आणि परत दिला.

"मामा? बोल. आईचं आवरलं का?"

"ऐक," मी म्हणालो. "मी तुला दिलेला निष्कर्ष रद्द समज. नोंदी बरोबर होत्या, पण मोजायचे साधन बिघडलेले होते."

"कुठलं साधन?"

"मी."

मग त्याने फार हळू विचारले, "म्हणजे आई ठीक आहे?"

"तीन मीटरवरून आठवी ओळ वाचते. शिवाय माझ्या चुका काढते. मला मोतीबिंदू असावा. तुझ्या आईच्या जागी मलाच भंगारात काढायला हवे होते."

"भंगारात नको," ताई मागून म्हणाली, "दुरुस्तीला पाठवा म्हणावं!"

भाचा हसला, पण लगेच गंभीर झाला. "मामा, मला तिची काळजी वाटते, एवढंच होतं रे. मला तिला काढून न्यायची हौस नाही."

"मला ठाऊक आहे. तू उद्या ये. गाडी आण, पण रिकामी परत ने. खोलीचे त्यांना कळवून टाक. आणि ताई पडली, आजारी झाली किंवा तिचा एक जरी उभा शब्द चुकला, तरी पहिला फोन मी तुला करीन. पण यापुढे आधी गेज तपासून."

"नक्की?" त्याने विचारले. नऊ तारखेलाही त्याने हेच विचारले होते. या वेळी मी उत्तरापूर्वी ताईकडे पाहिले. ती सुईत दोरा ओवत होती. दोरा पहिल्याच प्रयत्नात गेला.

"नक्की," मी म्हणालो.

त्या दुपारी आम्ही जेवलो आणि मग तिने चॉकलेट काढले. मी कापले, तिने आधी उचलले. मला दोन्ही तुकडे सारखेच वाटले होते. "तू कापताना तुकडे असमान केलेस, हे तुला दिसलं नाही ना?" ती म्हणाली. "मला दिसलं. म्हणून मी लहान घेतला."

७ एप्रिलला, मंगळवारी, माझ्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि ५ मे रोजी उजव्याची. पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा दिसली ती आमची मंडळी. तिच्या कानाजवळचे केस इतके पांढरे झाले आहेत हे मला माहीत नव्हते. मी तसे म्हणालो.

"झालं! आता पायऱ्या सुधारल्या आणि मी बिघडले," ती म्हणाली, पण रुग्णालयातून घरी येईपर्यंत तिने माझा हात सोडला नाही.

संपादकांना मी दुसरे पत्र लिहिले आणि पहिले मागे घेतले. छपाईत काही दोष नव्हता. टेबलावर पुन्हा जुना दिवा लावला. मे महिन्याचा अंक मी एका बैठकीत वाचला, आडवे शब्द भरले, प्रत्येक सूचनेचा क्रमांक बोट ठेवून दोनदा तपासला आणि पंचवीस तारखेला पाकीट टपालात टाकले. आत संत्र्याची साल होती. तेरा ग्रॅम.

गुरुवार, ११ जून, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी दाराच्या फटीतून पाचशे चौऱ्याहत्तरावे पाकीट आत पडले. "खाऊ आला हो!" बाई ओरडल्या. मी उठलो नाही. मंडळीही उठली नाही. पाकीट उंबऱ्याच्या आत तसेच पडून राहिले आणि आम्ही दोघे त्याच्याकडे पाहत बसलो. मग चहा झाला.

"चॉकलेट," मंडळी चाचपून म्हणाली. "भोवती पुन्हा जाड कागद आहे. आता कोणतं रुग्णालय?"

चॉकलेटभोवती माझ्याच तक्त्याची आठवी ओळ होती, कात्रीने सरळ कापलेली. तिसऱ्या अक्षराभोवती लाल पेन्सिलीचे वर्तुळ होते. खिडकीशी नेऊन मी ते पाहिले. अक्षर वाकडे होते.

मी खाऊ तराजूत ठेवला. काटा एकच होता, त्याला सावली नव्हती, आणि तो तेरावर थांबला. मंडळीने ओळखले होते, म्हणून मी कापले आणि तिने आधी उचलले. मग मी कोड्याचे पान उघडले.

आडवे सतरा, उभे अठरा. रिकामी घरे शून्य.